कर्करोग आणि खचलेले मन : प्रस्तावना

कर्करोगाचे निदान होते त्याच दिवशी रुग्ण खचतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे बहुतेक रुग्ण धावपळीत असतात. बायोप्सीचा अहवाल, स्कॅन, योजनेची कागदपत्रे, पैशांची जुळवाजुळव, कोणत्या रुग्णालयात जायचे यावर घरातली खलबते. भीती असते, रडू येते, झोप उडालेली असते. पण काहीतरी चालू असते. खचणे बऱ्याचदा नंतर येते. तिसऱ्या-चौथ्या केमोनंतर, शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा आरशात पाहिल्यावर, आजार उलटल्याचे कळल्यावर. घरच्यांना सर्वांत कोड्यात टाकणारी वेळ मात्र उपचार नीट पार पडल्यानंतरची. रुग्णालयाच्या फेऱ्या थांबतात, डॉक्टर ‘तीन महिन्यांनी या’ म्हणतात, घर सुटकेचा निःश्वास टाकते, आणि रुग्ण अंथरुणातून उठेनासा होतो.

हे खचणे म्हणजे नक्की काय, हे एका नमुन्यावरून पाहता येईल. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे आणि त्याचे मुख्य कारण तंबाखू. पन्नाशीतला एखादा शेतकरी, खालच्या जबड्याचा भाग काढलेला, छातीचे किंवा मांडीचे मांस लावून गाल बांधलेला. बोलणे अस्पष्ट झाले आहे, लाळ ओघळते, घास बाहेर येतो म्हणून तो सर्वांसोबत पंगतीला बसत नाही; मागच्या खोलीत ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवतो. गावात कुणाशी बोलायचे तर बायकोला पुढे करतो. नातू अंगावर येऊन बसला की हसतो, पाऊस वेळेवर आला तर त्याला बरे वाटते. पण पुढच्या हंगामात काय पेरायचे असे विचारले की एवढेच म्हणतो, ‘आता माझा काय उपयोग?’ त्याला नैराश्याचा आजार आहे का? कदाचित नाही. नैराश्यात सहसा आनंद घेण्याची क्षमताच मावळते. या माणसाला या घडीचे सुख कळते, पुढचे मात्र काही दिसत नाही. दुःख म्हणावे तर दुःख लाटांसारखे येते आणि ओसरते. याची अवस्था दिवसेंदिवस तशीच राहते. काय करायला हवे ते कळत नाही आणि कळले तरी आपल्याच्याने ते होणार नाही, ही त्याची पक्की समजूत झाली आहे. प्रस्तुत पुस्तकाचा विषय ही समजूत आणि तिच्यातून बाहेर यायच्या वाटा हा आहे.

या अवस्थेकडे वैद्यकाचे लक्ष बरेच उशिरा गेले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ जेरोम फ्रँक यांनी १९६१ साली मानसोपचारांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे त्यातून त्यांनी असे प्रतिपादन केले की माणसे मानसोपचाराकडे येतात ती केवळ लक्षणांमुळे येत नाहीत. परिस्थितीपुढे त्यांनी हात टेकलेले असतात, म्हणून येतात. उपचारपद्धती कोणतीही असो, ती लागू पडते तेव्हा आधी उमेद परत आणते. १९८२ मध्ये फ्रँक यांच्यासह मूळचे गोमंतकीय असलेले मनोविकारतज्ज्ञ जॉन डी फिगेरेडो यांनी या अवस्थेचा गाभा नेमका केला: आपण असमर्थ आहोत ही स्वतःची भावना. संकट मोठे आहे एवढ्याने माणूस खचत नाही. संकट आणि आपल्याला काहीच जमत नाही ही खात्री, दोन्ही एकत्र आली की खचतो. त्याआधी, १९६० च्या दशकात, जॉर्ज एंगेल यांनी शारीरिक आजारांच्या रुग्णांमध्ये ‘सोडून देण्याच्या’ मनःस्थितीचे वर्णन केले होते.

कर्करोगाच्या वॉर्डात ही संकल्पना खऱ्या अर्थाने रुजवली ती ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड किसेन यांनी. २००१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिहार-उपचारातील (पॅलिएटिव्ह केअरमधील) स्वतंत्र निदान म्हणून खचलेपणाची मांडणी केली आणि २००४ मध्ये २४ विधानांची मोजपट्टी तयार केली; २०१६ मध्ये ती १६ विधानांवर आणली. जगण्याला अर्थ उरला नाही असे वाटणे, मन बुडणे, धीर सुटणे, असहायता आणि आपण हरलो ही भावना, अशी पाच अंगे पहिल्या पट्टीतून पुढे आली. वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांचा २०१५ मध्ये आढावा घेतला गेला तेव्हा कर्करोग आणि वाढत जाणाऱ्या इतर आजारांच्या रुग्णांत खचलेपणाचे प्रमाण १३ ते १८ टक्क्यांच्या दरम्यान आढळले. त्यांतल्या बऱ्याच जणांना नैराश्याचे निदान लागू पडत नव्हते. म्हणजे केवळ नैराश्याची प्रश्नावली भरून घेणाऱ्या रुग्णालयाच्या हातून हे रुग्ण निसटतात.

या संकल्पनेवर आक्षेपही आहेत आणि ते वजनदार आहेत. मरण समोर दिसत असताना, जमीन गहाण पडलेली असताना माणसाचा धीर सुटला तर त्याला आजाराचे नाव का द्यावे? अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत खचलेपणाला स्वतंत्र विकाराचे स्थान नाही. या पुस्तकाची भूमिका मधली आहे. नाव दिल्याने रुग्णाला वेडा ठरवले जाऊ नये. पण नावच नसेल तर ‘साहजिक आहे’ म्हणून सगळे गप्प बसतात. आणि गप्प बसण्याची किंमत मोठी आहे. मृत्यूची इच्छा आणि आत्महत्येचे विचार यांच्याशी हताशेचे नाते नैराश्याहूनही जवळचे असू शकते, असे अनेक अभ्यास दाखवतात. स्वीडनमधील नोंदींवर आधारित २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका कर्करोग नसलेल्यांच्या सुमारे बारापट दिसला. रुग्णाला असे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. भारतात २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा मराठीतही उपलब्ध आहे.

मागे वळून पाहिले तर १९६० पर्यंत खचलेपणाचा हा प्रश्न उभाच राहू शकत नव्हता, कारण रुग्णाला त्याचा आजारच सांगितला जात नसे. १९६१ मध्ये शिकागोतल्या डॉक्टरांची पाहणी झाली तेव्हा सुमारे ९० टक्के डॉक्टर कर्करोगाचे निदान रुग्णापासून लपवणे पसंत करत होते. १९७९ च्या तशाच पाहणीत ९७ टक्के डॉक्टर ते सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत एवढा पालट होण्यामागे नवी औषधे होती, रुग्णहक्कांची चळवळ होती आणि काही हट्टी माणसे होती. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले आणि शरीर, मन, नाती व श्रद्धा या चारही ठिकाणी दुखणारी ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना दिली. एलिझाबेथ कूब्लर-रॉस यांनी मरणासन्न रुग्णांशी बोलून १९६९ मध्ये मृत्यूला सामोरे जाण्याच्या पाच अवस्थांची मांडणी केली. ती लोकप्रिय झाली तशी तिची शिडीही झाली, आणि ‘अजून तुम्ही स्वीकारापर्यंत आला नाहीत’ असे रुग्णाला ऐकवण्यापर्यंत मजल गेली. माणसे असे क्रमाने जिने चढत नाहीत.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात १९७७ मध्ये जिमी हॉलंड यांनी कर्करोग रुग्णांसाठी मनोविकार विभाग सुरू केला, तिथून मनो-कर्करोगशास्त्र ही शाखा आकाराला आली. १९८४ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. शून्य ते दहा अंकांचा ‘त्रासमापक’ वापरात आला. तापमापीच्या चित्रावर रुग्णाने आपल्या त्रासाचा आकडा दाखवायचा, इतकी साधी युक्ती. ती परिचारिकेलाही करता येते, हे तिचे बळ. हॉलंड यांचे आणखी एक ऋण मानायला हवे. सतत आनंदी, सकारात्मक राहण्याची सक्ती ही रुग्णावरची जुलूमशाही आहे, असे त्यांनी स्पष्टपणे लिहिले.

इथे जरा थांबणे आवश्यक आहे, कारण मराठी घरांत या सक्तीइतकी रुळलेली दुसरी गोष्ट नाही. १९७१ च्या ‘आनंद’ चित्रपटाने हसत हसत मरणाऱ्या रुग्णाचा जो आदर्श घालून दिला, तो वॉर्डातल्या कित्येकांच्या मानगुटीवर अजून बसलेला आहे. भेटायला येणारे गव्हांकुराच्या रसाची बाटली आणि ‘विल पॉवर पाहिजे’ हा सल्ला बरोबरच आणतात. सल्ल्यामागे काही काळ विज्ञानाचे पाठबळही होते. १९७९ मध्ये लंडनच्या स्टीव्हन ग्रीअर यांच्या चमूने स्तनाच्या कर्करोगाच्या छोट्या गटात असे नोंदवले की लढाऊ वृत्तीच्या स्त्रिया अधिक जगल्या. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासात, पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ज्या स्त्रिया आधारगटात सहभागी झाल्या त्या इतरांपेक्षा सरासरी दीड वर्ष जास्त जगल्याचे दिसले. जगभर खळबळ उडाली. पुढे मात्र मोठे आणि काटेकोर अभ्यास आले. १९९९ मध्ये ५७८ स्त्रियांच्या पाठपुराव्यात लढाऊ वृत्तीचा आयुर्मानाशी संबंध आढळला नाही. २००१ मध्ये कॅनडातील चाचणीत आधारगटाने मनःस्थिती सुधारली, वेदनेची जाणीव कमी झाली, आयुष्य वाढले नाही. २००७ मध्ये खुद्द स्पीगल यांच्या पुनर्चाचणीत पहिला निष्कर्ष टिकला नाही. त्याच वर्षी डोके व मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांच्या विश्लेषणात भावनिक स्वास्थ्यावरून आयुर्मानाचा अंदाज बांधता आला नाही.

याचा अर्थ मनाकडे पाहू नये असा कुणी काढेल तर तो उलटा ठरेल. १९९९ च्या त्याच अभ्यासात तीव्र असहायता आणि हताशा असलेल्या स्त्रियांची पाच वर्षांनंतरची स्थिती काहीशी वाईट होती. हताश रुग्ण तपासणीला येत नाही, केमो अर्ध्यावर सोडतो, जेवत नाही, अशी कारणे संभवतात. पण त्यावरून ‘तू खचलीस म्हणून आजार उलटला’ असे म्हणणे शास्त्रीय नाही आणि माणुसकीचेही नाही. मनाचा आधार द्यायचा तो गाठ आक्रसावी म्हणून द्यायचा नाही. उरलेले दिवस, मग ते तीस वर्षांचे असोत की तीन आठवड्यांचे, माणसाला आपले वाटावेत म्हणून द्यायचा. या पुस्तकातील सगळ्या उपचारपद्धती याच कसोटीवर तपासल्या आहेत.

या पद्धतींचे ढोबळमानाने चार प्रवाह दिसतात. पहिला अर्थशोधाचा. नाझी छळछावण्यांतून वाचलेले व्हिएन्नाचे व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचारांवर न्यूयॉर्कच्या विल्यम ब्राइटबार्ट यांनी आठ बैठकांचा गट-उपचार आणि सात बैठकांचा वैयक्तिक उपचार बेतला. आपण कोणाचा वारसा घेऊन आलो, काय घडवले, कशावर प्रेम केले आणि बदलता न येणाऱ्या गोष्टीपुढे कसे उभे राहिलो, या चार दिशांनी रुग्ण स्वतःकडे पाहतो. टोरांटोच्या गॅरी रोडिन यांनी वाढलेल्या कर्करोगासाठी तीन ते सहा बैठकांची पद्धत विकसित केली. तीत आजाराचे व्यवहार, बदललेली नाती, अर्थ आणि मृत्यूबद्दलचे बोलणे एकत्र येते. २०१८ मधल्या चाचणीत तिने नैराश्याची लक्षणे कमी केल्याचे दिसले.

दुसरा प्रवाह प्रतिष्ठेचा. कॅनडातील विनिपेगच्या हार्वी चोचिनोव यांची ‘डिग्निटी थेरपी’ बाहेरून पाहणाऱ्याला उपचार वाटतच नाही. रुग्णाच्या खाटेशी बसून काही ठरावीक प्रश्न विचारतात: आयुष्यातला कोणता काळ सर्वांत जिवंत वाटतो, घरच्यांना काय सांगायचे राहिले आहे, कशाचा अभिमान आहे. उत्तरे ध्वनिमुद्रित होतात, उतरवून नीट लावली जातात, पुन्हा रुग्णाला वाचून दाखवली जातात, तो खाडाखोड करतो आणि शेवटी कागदांचा तो संच त्याने ठरवलेल्या माणसाला दिला जातो. घरचे ज्याला बाळासारखे जपू लागले होते तो माणूस या वाचनाच्या वेळी पुन्हा घरातला वडीलधारा होतो. २०११ च्या मोठ्या चाचणीत त्रास मोजणाऱ्या मुख्य पट्ट्यांवर लक्षणीय फरक आढळला नाही, तरी आपली प्रतिष्ठा वाढली, घरच्यांना उपयोग होईल, असे या रुग्णांनी अधिक प्रमाणात सांगितले. जे मोजले गेले ते आणि जे महत्त्वाचे होते ते एकच होते का, हा वाद अजून मिटलेला नाही.

तिसरा प्रवाह खाटेजवळच्या अल्पकालीन संवादाचा. जेम्स ग्रिफिथ आणि लिन गॅबी यांनी २००५ मध्ये दाखवले की अर्ध्या तासाच्या भेटीतही काही करता येते. हताशेच्या जागी आशा, असहायतेच्या जागी कर्तेपणा, एकाकीपणाच्या जागी सोबत, अशा जोड्यांपैकी रुग्ण कुठे अडकला आहे ते ओळखायचे आणि तिथेच प्रश्न नेमका करायचा. ‘धीर धरा’ असे सांगण्यापेक्षा ‘याआधी इतके कठीण कधी आले होते आणि तेव्हा कसे निभावले?’ असे विचारले की दुष्काळातली, पोराच्या आजारपणातली एखादी हकीकत बाहेर येते आणि सांगणाऱ्याचा आवाज बदलतो. वर्तनोपचाराचाही इथे भाग आहे. जबडा गमावलेल्या शेतकऱ्यासाठी पहिले पाऊल पंगतीत बसणे हे नसेल. एका मित्राबरोबर, पातळ पेज, हातात टॉवेल, एवढेच असेल.

चौथा प्रवाह खरे तर पाया आहे: वेदनाशमन आणि परिहार-उपचार. २०१० मध्ये बोस्टनच्या १५१ फुप्फुस-कर्करोग रुग्णांच्या चाचणीत सुरुवातीपासून परिहार-उपचार मिळालेल्यांची मनःस्थिती चांगली राहिली आणि आयुर्मानाचा मध्यकही ८.९ ऐवजी ११.६ महिने झाला. रात्रभर दुखत असलेल्या माणसाशी जगण्याच्या अर्थावर बोलणे हा क्रूरपणा आहे. सायलोसायबिनसारख्या द्रव्यांवर २०१६ पासून लक्षवेधी प्रयोग झाले आहेत, पण ते अजून संशोधनाच्या चौकटीतले आहेत आणि भारतीय रुग्णासाठी आज गैरलागू.

डॉक्टरांसाठी एक इशारा इथेच द्यायला हवा. खचल्यासारखा दिसणारा प्रत्येक रुग्ण मनाने खचलेला नसतो. मानेला किरणोत्सर्ग दिल्यानंतर थायरॉइड मंदावते आणि माणूस सुस्त, उदास होतो. रक्तातले कॅल्शियम वाढणे, पंडुरोग, स्टेरॉइड, शांत स्वरूपातला वातभ्रम, यांची रूपे फसवी असतात. खरे नैराश्य असेल तर औषध द्यावेच. मात्र टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीला पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन दिल्यास टॅमॉक्सिफेनचे सक्रिय रूपांतर अडू शकते, म्हणून निवड जपून करावी.

पाश्चात्त्य पद्धतींत रुग्ण एकटा, स्वतःचे निर्णय घेणारा, आणि सत्य माहीत असलेला गृहीत धरलेला असतो. मुंबई-पुण्याच्या बाह्यरुग्ण विभागात तिघे-चौघे नातेवाईक आधी आत येतात आणि दार लोटून सांगतात, ‘डॉक्टर, त्यांना सांगू नका, हाय खातील.’ रुग्णाला अल्सर म्हणून सांगितलेले असते. तो मात्र रुग्णालयाच्या पाटीवरचे अक्षर वाचूनच आत आलेला असतो. दोघेही एकमेकांपासून तीच गोष्ट लपवतात. बंगळुरूच्या निम्हान्समधील संतोष चतुर्वेदी यांनी या मूक संगनमताबद्दल सातत्याने लिहिले आहे. ते एका फटक्यात फोडणे हा उपाय नाही. नातेवाइकांचे प्रेम मान्य करून रुग्णाला ‘तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?’ असे विचारण्याची परवानगी मिळवणे, हा मार्ग अधिक चालतो.

दुसरा फरक पैशांचा. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगावरील बरेच उपचार होतात; पण मराठवाड्यातून किंवा विदर्भातून मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात येणे, राहणे, रोजगार बुडणे, हे त्यात बसत नाही. दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर मिळाली. ‘माझ्यापायी घर बुडाले’ हे वाक्य इथल्या खचलेपणाचे सर्वांत नेहमीचे रूप आहे, आणि त्यावर अनेकदा समुपदेशकापेक्षा मुक्कामाची सोय आणि रेल्वे सवलतीचा फॉर्म अधिक लवकर गुण देतो. तिसरा फरक ‘कोणत्या जन्माचे पाप’ या प्रश्नाचा. त्यावर प्रवचन देऊ नये आणि वादही घालू नये. शिक्षा म्हणून आजार आला असे ज्याला वाटते, त्याची अपराधभावना आधी ऐकून घ्यावी लागते.

इथे काम झालेलेच नाही असे नाही. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ ची, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ ची. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्र्याला उभे राहिले आणि गोव्यातही त्याची शाखा आहे. पुण्यात वारज्याचे सिप्ला परिहार-उपचार केंद्र १९९७ पासून चालते. केरळात कालिकतला १९९३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर घरपोच सेवेचे जाळे विणले गेले. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फीन मिळवण्यातले अडथळे कमी झाले, तरी छोट्या गावात ते अजून सहज मिळत नाही.

मनुष्यबळाचा प्रश्न उरतोच. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. याबाबतीत गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेचा अनुभव उपयोगाचा आहे. व्यावसायिक पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या स्थानिक समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत दिलेला सहा ते आठ बैठकांचा उपचार तीव्र नैराश्यात उपयोगी ठरला, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. ते रुग्ण कर्करोगाचे नव्हते, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही. पण हे काम केवळ तज्ज्ञांचे नाही, हे त्याने सिद्ध केले.

म्हणून प्रस्तुत पुस्तक तीन वाचकांसाठी लिहिले आहे: कर्करोग विभागातील डॉक्टर व परिचारिका, वैद्यकीय समाजसेवक, आणि घरी काळजी घेणारी माणसे. पुढील प्रकरणांत संवादांचे नमुने बोली मराठीत दिले आहेत, कारण प्रमाण भाषेत विचारलेल्या प्रश्नाला प्रमाण उत्तर मिळते. रुग्णांच्या हकिकती अनेक प्रसंग एकत्र करून रचलेल्या आहेत. मोजपट्ट्यांचे फक्त वर्णन आहे. मराठीत पडताळणी न झालेल्या पट्टीतील गुणांवरून कोणावर शिक्का मारण्याचा मोह टाळला आहे. लहान मुलांचा कर्करोग यात घेतलेला नाही. मुलांची आशा, भीती आणि त्यांच्या आईबापांचे खचणे हा वेगळ्या ग्रंथाचा विषय आहे. उपचार करणाऱ्यांच्या स्वतःच्या थकव्याला मात्र जागा दिली आहे: दिवसाला ऐंशी रुग्ण पाहणारा निवासी डॉक्टर जेव्हा ‘आता काही करण्यासारखे नाही’ असे म्हणतो, तेव्हा ते वाक्य रुग्णाच्या प्रकृतीबद्दल असते की त्याच्या स्वतःच्या, हे तपासण्याची रीत शेवटच्या भागात दिली आहे.